घातांकांचे अध्यापन



बेरीज-वजाबाकीत रमणारे मूल सातवी-आठवीत घातांकांपाशी येऊन अडखळते, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. दोनाचा तिसरा घात विचारला की 'सहा' असे उत्तर येते. खरे उत्तर आठ. दोन ही संख्या तीन वेळा घेऊन केलेला गुणाकार, हा अर्थ मनात ठसण्यापूर्वीच सूत्रे फळ्यावर आली, तर विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

म्हणून सूत्राआधी संख्यांचा क्रम दाखवावा. दोनाचे घात उतरत्या क्रमाने लिहावेत : १६, ८, ४, २. प्रत्येक पायरीला संख्या निम्मी होते. पुढे १ आणि त्यानंतर एक द्वितीयांश येणार, हे मुले स्वतःच सांगतील. घातांक शून्य असता उत्तर एक का, आणि घातांक ऋण असता उत्तर अपूर्णांक का, या दोन्ही शंकांचे निरसन येथेच होते.

वर्गमुळासाठी उदाहरण शेतात आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याचे वर्गमूळ ३३. म्हणजेच ३३ फूट बाजूचा चौरस एक गुंठ्याचा होतो. बाजू दुप्पट केल्यास किती गुंठे होतील? बहुतेक मुले 'दोन' म्हणतील. त्यांना दोरीने ६६ फूट बाजूचा चौरस आखू द्यावा. त्यात चार गुंठे बसतात, हे ती डोळ्यांनी पाहतील.

मोठ्या संख्यांचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे दहाच्या सतराव्या घातापर्यंत, दसपटीने वाढणाऱ्या स्थानांची नावे आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापिला होता.

शास्त्रीय पद्धतीच्या संख्यालेखनात एक ते दहा यांमधील संख्या आणि दहाचा घात यांचा गुणाकार लिहितात. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी एक अब्ज घनफूट पाणी म्हणजे सुमारे २.८३ गुणिले दहाचा सातवा घात इतके घनमीटर. एक हेक्टरवर एक मीटर उंचीचे पाणी उभे करण्यास दहाचा चौथा घात इतके घनमीटर लागतात. भागाकार करताना घातांकांची वजाबाकी करावयाची : सातातून चार गेले, उरले तीन. म्हणजे हे पाणी २,८३० हेक्टरांवर मीटरभर उभे राहील. सूत्र तेच, परंतु आता त्याला अर्थ आला.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. आजचा विद्यार्थी उद्या ग्रामसभेत बसणार आहे. एक शून्य वाढले, तर लाखाचे दहा लाख होतात. ते ओळखण्याची नजर शाळेतच तयार व्हावयास हवी. पंचायत सदस्यांनी गावचे क्षेत्र, तलावाचा साठा व अंदाजपत्रक यांचे आकडे शाळेस द्यावेत, शिक्षकांनी त्यांतून उदाहरणे रचावीत आणि अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी किती सूत्रे पाठ आहेत यापेक्षा किती समजली आहेत हे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.