धावपटू आणि त्याची नाडी

आजाऱ्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून त्याची प्रकृती जाणणारा वैद्य आपल्या समाजाला जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु धडधाकट माणसाची नाडी पाहून त्याने किती धावावे आणि केव्हा थांबावे हे ठरविण्याची कल्पना त्या मानाने अलीकडची. जर्मनीतील वोल्डेमार गेर्शलर हा धावण्याचा शिक्षक आणि फ्रायबुर्गचा हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल ह्या दोघांनी १९३० नंतरच्या दशकात तिला शिस्तीचे रूप दिले.

त्यांची रीत ऐकावयास साधी आहे. धावपटूने प्रथम संथ धावून अंग मोकळे करावे व नाडी मिनिटाला १२० ठोक्यांवर आणावी. मग शंभर-दोनशे मीटर असे धावावे, की ठोके १८० च्या घरात जातील. त्यानंतर विसावा. दीड मिनिटाच्या आत नाडी पुन्हा १२० वर उतरली तर पुढची धाव. न उतरली तर वेग किंवा अंतर झेपले नाही असे समजावे. हृदय बळावते ते मुख्यतः ह्या विसाव्यात, असे त्यांचे मत होते. ते पुढे सर्वांना जसेच्या तसे पटले नाही. पण गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग ह्याने १५ जुलै १९३९ रोजी मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले, आणि आधीचा विक्रम एकदम १.८ सेकंदांनी मागे पडला. हा विक्रम १९५५ पर्यंत टिकला. तो मोडला गेलेला पाहावयास हार्बिग उरला नव्हता. १९४४ साली तो महायुद्धात कामी आला.

एकच आकडा सर्वांना लावणे मात्र धोक्याचे. ही अडचण फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन ह्यांच्या १९५७ च्या प्रयोगांतून बरीचशी सुटली. माणसाची विसाव्याची नाडी आणि त्याची कमाल नाडी ह्यांमधील अंतर हे त्याचे खरे भांडवल. श्रमाचे माप त्या भांडवलाच्या टक्केवारीत घ्यावे, अशी ही पद्धत आहे. पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ घ्या. सकाळी अंथरुणात त्याची नाडी ६५ आणि कमाल १७५. भांडवल ११० ठोक्यांचे. त्याचे सत्तर टक्के ७७; त्यांत ६५ मिळविले की १४२. ह्या रेषेखाली त्याची सोपी धाव, जिच्यात सोबत्याशी सलग गप्पा मारता येतात. तिच्यावर एकेक पायरी चढत शेवटी दम कोंडणारा वेग. असे बहुधा पाच पट्टे पाडतात.

पण १७५ हा आकडा आला कोठून? २२० मधून वय वजा करून. हे सूत्र सुमारे १९७० पासून रूढ झाले, आणि ते कोणत्याही काटेकोर संशोधनातून जन्मलेले नव्हे. पुढे २००१ मध्ये २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करण्याचे सूत्र सुचविले गेले. ते अधिक बरे असले, तरी तेही सरासरीच सांगते. प्रत्यक्ष माणसात दहाबारा ठोक्यांची तफावत अगदी सामान्य आहे. वरील गृहस्थाची खरी कमाल नाडी १६० असेल, तर १४२ ही त्याची सोपी धाव नसून ऐंशी टक्क्यांची मेहनत ठरते. ती तो रोज करील आणि थकवा का जात नाही ह्याचे नवल करीत बसेल. म्हणून जिला आकड्यांचा गर्व नाही, ती गप्पांची कसोटी अधिक विश्वासाची. रक्तदाबाच्या काही औषधांनी ठोके दाबले जातात, तेथे तर हे गणित फसतेच; अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ह्या वाटेस जाऊ नये.

गेर्शलरच्या काळी बोटांनी दहा सेकंद ठोके मोजून सहाने गुणावे लागत. १९८२ मध्ये फिनलंडच्याच पोलर कंपनीने छातीच्या पट्ट्यावरून मनगटावरील घड्याळाला बिनतारी आकडा पाठविणारे यंत्र बाजारात आणले. आज मनगटावरचे घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने नाडी वाचते. क्वचित ते ठोक्यांऐवजी पावलेच मोजून बसते, ही गोष्ट वेगळी.

मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत आणखी एक गंमत होते. वेग तोच ठेवला, तरी तासाभरात नाडी हळूहळू चढत जाते; कारण घामावाटे पाणी जाते आणि अंग थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते. डेहराडूनच्या थंडीत सहज झेपणारा वेग तेथे झेपत नाही. अशा वेळी वेगाचा हट्ट सोडून नाडीचे ऐकावे लागते.

अन् हेच नवशिक्याला सर्वांत जड जाते. ठोके ठरल्या रेषेखाली ठेवायचे, तर पहिले कित्येक आठवडे त्याला चढ आला की चक्क चालावे लागते. मागून येणारे पुढे निघून जातात, ओळखीचे लोक थांबून प्रकृतीची चौकशी करतात. दोन-तीन महिने नेमाने गेले, की बहुधा एखाद्या सकाळी त्याच ठोक्यांवर तोच चढ तो धावत चढून गेलेला असतो, आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याच्या ते ध्यानातही आलेले नसते.