दलाली किती, कशावर आणि कधी?

 

आज आपण अशा एका खर्चाबद्दल बोलणार आहोत, जो आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करावा लागतो. सवय नसते, म्हणूनच त्यात आपण फसतो. तो खर्च म्हणजे घर विकताना एजंटाला द्यायची दलाली.

घर विकायची वेळ कुणावर हौसेने येत नाही. आमच्या गटातल्या एका ताईंवर ती आली. त्यांचे मालक आजारपणात गेले. दवाखान्याचं कर्ज डोक्यावर राहिलं. तालुक्याच्या गावी त्यांचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. ते विकायचं, कर्ज फेडायचं आणि उरलेल्या पैशात मुलाचं शिक्षण करायचं, असं त्यांनी ठरवलं. आसपासची तशी घरं १८ लाखांच्या आगेमागे गेली होती. बातमी फुटली आणि आठवड्यात तीन एजंट दारात आले.

पहिला म्हणाला, "दोन टक्के घेईन. घर विकलं तरच."

दुसरा म्हणाला, "एकच टक्का घेतो. पण जाहिरातीला ५ हजार आधी द्या आणि सहा महिने घर फक्त माझ्याकडेच राहील, असं लिहून द्या."

तिसरे होते ताईंचे चुलत दीर. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून दलाली घेईन का मी? तुमच्या हातात रोख्याने १६ लाख ठेवतो. वरचं काय ते मी बघून घेईन."

ताईंनी बैठकीत विचारलं, काय करू? आम्ही चटकन बोलून गेलो, "दीर एक पैसा मागत नाहीत, मग विचार कसला करता?" खरं सांगतो, आम्ही चुकलो होतो. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या एका वयस्कर मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "वरचं म्हणजे किती गं?"

मग आम्ही गटाची वही उघडली. सावकाराचे शेकडा दोन रुपये आणि बँकेचे वर्षाचे बारा टक्के यांतला फरक आपण जसा मांडून बघतो, तसंच हे मांडलं. घर १८ लाखांना गेलं असं धरलं.

पहिल्याची दलाली ३६ हजार. ताईंच्या हातात १७ लाख ६४ हजार.

दुसऱ्याची दलाली १८ हजार, वर जाहिरातीचे ५ हजार, म्हणजे २३ हजार. हातात १७ लाख ७७ हजार.

दिरांची दलाली शून्य. हातात १६ लाख. म्हणजे २ लाख दिरांचे. टक्क्यात काढलं तर अकरा टक्क्यांच्या वर! जो दलाली घेत नव्हता, तोच सगळ्यांत महाग निघाला.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. नुसता टक्का ऐकून ठरवायचं नाही. सगळं वजा जाता आपल्या हातात किती पडतात, ते आकड्यात लिहून बघायचं.

आता वहीवर दुसरा एजंट सगळ्यांत स्वस्त दिसतो. मग त्यालाच का दिलं नाही? कारण त्याच्या कागदात एक मेख होती. ताईंच्या शेजाऱ्यांनी पूर्वी एकदा विचारलं होतं, "घर विकायचं झालं तर आधी आम्हाला सांगा." समजा उद्या त्यांनीच घर घेतलं असतं, तरी त्या कागदाप्रमाणे दुसऱ्याला एक टक्का द्यावा लागला असता. गिऱ्हाईक आपण शोधायचं आणि दलाली त्याने घ्यायची. शिवाय घर नाही विकलं, तरी ५ हजार गेलेच. म्हणून एजंटाशी बोलण्याआधीच, आपल्याला कोणी-कोणी विचारलंय त्यांची नावं लिहून ठेवा. यांच्यापैकी कोणी घर घेतलं तर दलाली नाही, हे आधीच सांगा.

आता घासाघीस कशी करायची ते बघू. भाजी घेताना आपण एक रुपया सोडत नाही आणि इथे हजारांचा प्रश्न असताना गप्प बसतो. घर विकून देण्याच्या दलालीचा दर काही सरकारने ठरवून दिलेला नाही. दोन टक्के हा रिवाज आहे, कायदा नाही. त्यामुळे बोलायला लाजायचं कारण नाही.

पहिला प्रश्न विचारायचा, "समोरच्याकडून किती घेणार?" बरेच एजंट विकणाऱ्याकडूनही घेतात आणि घेणाऱ्याकडूनही. दोन आणि दोन मिळून चार टक्के त्यांना सुटतात. हे आपल्याला ठाऊक आहे असं कळलं, की तो दीड टक्क्यावर यायला फार वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न, "दलाली कधी द्यायची?" आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २१९ मध्ये म्हटलंय, की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच एजंटाचा मोबदला देणं लागतो. म्हणजे इसार पावती झाली म्हणून पूर्ण दलाली मोजायची घाई नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदलं आणि पैसे आपल्या खात्यात जमा झाले, की मग द्यायची. पण "वेगळं ठरलं नसेल तर" हे शब्द विसरू नका. आपणच आधी देऊ असं लिहून दिलं, तर ते आपल्यावर येतं.

तिसरा प्रश्न, "दलालीत काय-काय येतं?" कागद लिहिणारा, वकील, उतारे काढणं, यांचे पैसे वेगळे की त्यातच? मुद्रांक शुल्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, घर घेणाऱ्याने भरायचं असतं. ते कुणी आपल्या हिशोबात घालत असेल तर हरकत घ्या.

आणि एक बारीक हिशोब ऐका. दोन टक्क्यांचा एजंट आपलं घर ५० हजारांनी जास्त विकेल, तर त्याला त्यातले फक्त एक हजार जास्त मिळतात. तेवढ्यासाठी तो महिनाभर कशाला थांबेल? म्हणून आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकालाच तो म्हणतो, "देऊन टाका ताई, यापेक्षा जास्त येणार नाही." तेव्हा किंमत त्याच्यावर सोडायची नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आसपासच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन बघता येते. गावातल्या शिकलेल्या पोरीला मोबाईलवर बघायला सांगा. सरकारी मूल्यदरही तिथेच दिसतो. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव वेगळा असू शकतो. दोन्ही बघून, याच्या खाली विकायचं नाही असा आपला आकडा आधीच ठरवा.

ताईंनी मग पहिल्यालाच बोलावलं. बैठकीतल्या आम्ही दोघी सोबत बसलो. बोलणं त्यांनीच केलं. दीड टक्का ठरला. दलाली खरेदीखताच्या दिवशी. शेजाऱ्यांनी घर घेतलं तर दलाली नाही. आणखी कुणाकडून गिऱ्हाईक आणायची ताईंना मोकळीक. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. एजंट म्हणाला, "आमच्या धंद्यात लिहून देत नाहीत." ताई म्हणाल्या, "आमच्या गटात दहा रुपये दिले तरी लिहितात."

दिरांना नाही म्हणणं मात्र अवघड गेलं. त्यांनी साठेखत स्वतःच्या नावाने करून मागितलं होतं. असं साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र एकदा दिलं, की गिऱ्हाईक कोण आणि खरी किंमत किती, हे आपल्याला कळतच नाही. नात्यातला असो की परका, ही सही करू नका. ताई त्यांना एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, १६ लाखांच्या वरचं लेकराच्या शिक्षणाचं आहे." दीर रागावले. काही महिने बोलणं बंद होतं.

घर विकायला पाच महिने लागले. १७ लाख ७५ हजारांना गेलं. पूर्ण रक्कम बँकेतून आली. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, हे एजंटालाच सांगावं लागलं. दलाली झाली २६ हजार ६२५. हातात पडले १७ लाख ४८ हजार ३७५. दिरांच्या १६ लाखांपेक्षा दीड लाखाला थोडेच कमी, एवढे जास्त. मावशींच्या एका प्रश्नाची ही किंमत.

एजंटाने काम केलं, तर त्याला ठरलेले पैसे हसत द्यावेत. ताईंनीही दिले. फक्त किती, कशावर आणि कधी, हे आधी ठरलेलं असावं. आणि असा निर्णय कुणी एकटीने घेऊ नये. घर विकायचं असेल तर गटाच्या बैठकीत वही उघडा. आपल्याला हिशोब येतो, तो फक्त मोठ्या आकड्यांचा मांडायचा आहे.

आणि हो, दिवाळीला ताईंनी दिरांकडे फराळाचा डबा पाठवला. डबा रिकामा परत आला नाही.

येतो आम्ही. नमस्कार.