सापाचा बंदोबस्त मृगाआधी
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भाताच्या भावावर बोलणे झाले, खारभूमीच्या बांधांवर बोलणे झाले. आता मला सापांवर बोलायचे आहे. मागच्या रांगेत काहीजण हसले. हसायला हरकत नाही. पण मृग पंधरा दिवसांवर आला आहे, आणि सापाचा विषय मृगानंतर काढला तर त्याचा उपयोग नसतो.

आधी हिशेब ऐका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि चारांत एकाहून जास्त मृत्यू पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. ही माणसे कोण? लावणीला वाकलेली बाई, रात्री पाणी बघायला गेलेला शेतकरी, जमिनीवर झोपलेला मजूर, अंगणात खेळणारे पोर. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर फुरसे चढत नाही. म्हणून इतकी माणसे मेली तरी त्याची बातमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्षित कुणाचे, ते सांगायला नको.

मारून साप संपत नाही

दिसला की ठेचा, हा आपला पिढीजात उपाय. तो किती चालतो याचा प्रयोग कोकणात होऊन गेला आहे. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने साप मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले होते. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत लाखावर साप मारून सरकारजमा झाले. आज दीडशेहून जास्त वर्षे उलटली. कोकणातून फुरसे गेले का? प्रत्येक गडग्याखाली अजून आहे.

साप येतो उंदरामागे, बेडकामागे. उंदीर येतो भातामागे, खरकट्यामागे. एक साप मारला तरी उंदीर तिथेच राहतो, आणि त्याच्यामागे दुसरा साप येतो. शिवाय मारायला काठी घेऊन जवळ जावे लागते आणि चावा तिथेच बसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मारणे हा गुन्हाही आहे. घरात साप निघाला तर मुलांना बाहेर काढा, लांब उभे राहून नजर ठेवा, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चार नावे पाठ करा

आपल्याकडे जमिनीवरचे माणूस मारणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

फुरसे वीतभर-दीड वीत. दगडाखाली, पातेऱ्यात बसते. चाहूल लागली तरी पळत नाही. अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. लहान म्हणून मुले हात लावायला जातात. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. बांधावर, गवतात, पेंढ्यात. या दोघांच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. हिरड्यांतून, जखमेतून रक्त येते, आणि घोणशीने मूत्रपिंडेही जातात.

नाग सगळ्यांना माहीत आहे. मण्यार नीट समजून घ्या. काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. दिवसा दिसत नाही, रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोर पोटात दुखते म्हणून रडते. आपण ओवा देतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि पुढे श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठले आणि डोळे उघडेनात, तर साप कुणी पाहिला नसला तरी सापच चावला असे धरून दवाखाना गाठायचा.

धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी. पण कवड्या मण्यारीसारखा दिसतो आणि डुरक्या घोणस खऱ्या घोणशीसारखी दिसते. म्हणून ओळख पटवण्याच्या भरीस पडू नका. चावला की दवाखाना.

आपल्यात कोळी बांधव बसले आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापाचे विष जबर असते आणि आपल्याकडची लस त्याच्यावर चालत नाही. जाळे उपसताना त्याला हाताने उचलून फेकू नका. काठीने सारा.

अंगण आणि मुलांची जागा

घराभोवती फिरून बघा. पेंढ्याची उडवी कुठे आहे? गोठ्याला टेकून. सरपण कुठे? मागच्या पडवीत भिंतीला लावून. नारळाची सोडणे, झावळ्या, जुनी कौले? न्हाणीच्या मागे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हाचे ओंडके कुणाच्या परसात अजून रचलेले असतील तर तेही या हिशेबात धरा. आपणच उंदराला घर बांधून देतो आणि सापाला दोष देतो.

मृगाआधी ही कामे उरकायची. उडवी आणि सरपण घरापासून वीसेक पावले लांब, आणि सरपण जमिनीवर न रचता दगड-फळ्यांवर उचलून. भात कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत, झाकण लावून. खरकटे भिंतीलगत टाकायचे नाही. जोत्याची भोके, न्हाणीच्या मोरीचे तोंड, दाराखालची फट बुजवायची; मोरीला जाळी. घरावर टेकलेल्या फांद्या छाटायच्या. लसूण, फिनेल, कार्बोलिक यांच्या रेषा मारून साप थांबत नाही. तो पैसा सिमेंटात घाला.

आता मुलांची जागा. अंगणवाडीचे आवार आणि शाळेचे मैदान जूनमध्ये उघडते तेव्हा गवत गुडघाभर झालेले असते. शाळा उघडण्याआधी एक दिवस गावाने कोयते घेऊन जावे. मैदानाच्या कडेचे दगडांचे ढीग, फुटके बाक, बांधकामाची उरलेली वाळू-खडी हलवावी. ग्रामपंचायतीचा ठराव होईपर्यंत थांबू नका.

आणि चेंडू. चेंडू गडग्याच्या भोकात गेला की पोर खांद्यापर्यंत हात घालते. काजूची बोंडे वेचताना पातेऱ्यात बोटे घालते. मुलांना भुताची भीती घालण्यापेक्षा एक नियम शिकवा. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. चेंडू काठीने काढायचा, पातेरा काठीने सारायचा. आणि साप दिसला तर दगड मारायचा नाही, मागे सरून मोठ्या माणसाला हाक मारायची. शिक्षकांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितले तर उत्तम.

रात्री परसाकडे जाताना बॅटरी हवी. शेतात गमबूट हवेत. चिखलात ते रुततात हे मला माहीत आहे, पण बांधावरून चालताना आणि गवत कापताना तरी घाला. आणि झोपताना खाट. खाट नसेल तर मच्छरदाणी, चारी कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली. मण्यारीवर याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

चावल्यावर

घट्ट दोरी बांधायची नाही. त्याने हात-पाय कुजतो. ब्लेडने कापायचे नाही, तोंडाने ओढायचे नाही, मिरची-कडुनिंब खायला घालायचा नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी ताबडतोब काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. हातापायाला मोडलेल्या हाडासारखी फळी बांधा, माणसाला चालवू नका, धीर द्या. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघा. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर घ्या, नाही तर राहू द्या. डॉक्टर लक्षणांवरून ओळखतात.

भगताबद्दल थोडे. भगताच्या हातून माणसे वाचतात हे खरे आहे. का वाचतात? चावणाऱ्या सापांतले बरेच बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. ती माणसे भगताकडे न नेताही वाचली असती. ज्याच्या अंगात विष भिनले त्याच्यावर मात्र मंत्राचा इलाज नाही. भगताशी भांडू नका. त्याला बैठकीला बोलवा, आणि सांगा की तुमचा अंगारा लावा, पण गाडीत बसवून. जो भगत रोग्याला दवाखान्यात धाडतो त्याचा गावाने मान करावा.

दवाखान्याला आधी विचारा

सापावर खरे औषध एकच, सापाची लस. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ती तयार होते. परळच्या हाफकिनने ती अनेक दशके बनवली. या एकाच लशीत चारही सापांचा उतारा आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. पण ज्या रात्री लागते त्या रात्री ती तिथे असावी लागते.

म्हणून प्रत्येक गावातले पाचजण या आठवड्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि चार गोष्टी विचारा. लशीच्या बाटल्या किती आहेत? एका रोग्याला सुरुवातीलाच आठ-दहा लागतात; दोन-तीन असून भागत नाही. त्यांची मुदत कधी संपते? रात्री लस देणारा डॉक्टर हजर असतो का? आणि श्वास थांबला तर व्हेंटिलेटर, मूत्रपिंडे थांबली तर डायलिसिस, जवळात जवळ कुठे? उत्तरे लिहून घ्या, आरोग्य केंद्राच्या नावाने तालुक्याला पाठवा.

दोन गोष्टी तुम्हालाही माहीत हव्यात. पहिली, रक्ताची परीक्षा. साध्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर फुरसे-घोणशीचे विष भिनले आहे. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. दुसरी, लहान मुलाला लस अर्धी द्यायची नसते. साप पोर बघून कमी विष सोडत नाही. जेवढी मोठ्याला तेवढीच मुलाला.

आरोग्य केंद्रातून काय होऊ शकते ते आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावलेल्या गंभीर रोग्यांपैकी शंभरातले तीस-चाळीस जात. या डॉक्टरने रोग्याच्या उशाशी रात्री काढल्या, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवला, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध विंचवावर चालते हे दाखवून दिले. विलायतेच्या लॅन्सेट साप्ताहिकाने ते छापले. मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इमारत साधी होती, औषध स्वस्त होते. माणूस रात्री हजर होता, एवढाच फरक.

अनुदान कुणाला, आणि कुणाला नाही

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश येतो. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एकजण, वय १० ते ७५, मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. त्यासाठी डॉक्टरचा कागद लागतो. माणूस घरीच गेला आणि गुपचूप अग्नी दिला तर हक्कही त्याच्याबरोबर जळतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत.

पण अट पुन्हा वाचा. दहा वर्षांखालचे पोर या योजनेत बसत नाही, आणि अंगणात खेळणारे ते हेच पोर. सातबारा नसलेला मजूर बसत नाही. आपल्या बांधावर राबणारा, वीटभट्टीवर कुटुंबासकट जमिनीवर झोपणारा कातकरी बसत नाही. साप सातबारा बघून चावत नाही; मग सरकारने तो का बघावा? केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आराखडा काढून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करू म्हटले आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना कळवले आहे. ही मागणी आपण या नोंदींच्या जोरावर मांडू. वयाची आणि सातबाऱ्याची अट निघाली पाहिजे.

भावांनो, मायबहिणींनो, पैसे मेल्यानंतरचे असतात. आपल्याला माणूस हवा आहे. तेव्हा घरी गेल्यावर उद्या सकाळी उडवी हलवा, परवा शाळेचे मैदान साफ करा, आणि या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन बाटल्या मोजा. पुढच्या बैठकीत मी गावागावाला तीनच आकडे विचारणार आहे. बाटल्या किती, मुदत कधीची, रात्री डॉक्टर कोण. ते आकडे घेऊनच या.