नाव आणि ओळख



आजचा विषय ऐकताना रूक्ष वाटेल. परंतु ज्यांच्या घरी संगणक आहे आणि त्यात घरच्यांची छायाचित्रे साठविलेली आहेत, त्या सर्वांशी त्याचा संबंध आहे.

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञांचे क्रमवार टिपण. तेच ते काम रोज हाताने करण्याऐवजी एकदा लिहून ठेवावे, म्हणजे यंत्र ते वाचून पार पाडते. अशी टिपणे वाचणारा 'बॅश' नावाचा शेल १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी प्रसिद्ध केला, आणि लिनक्सवर काम करणारे पुष्कळ लोक आजही त्याच्याशीच बोलतात.

आम्हीही असे एक टिपण लिहिले होते. जुनी डिस्क पुसून तिच्यावर नवी प्रत चढवावयाची, एवढेच त्याचे काम. आरंभी ते विचारी, 'कोणती डिस्क? १. एसडीए, २. एसडीबी, ३. एसडीसी.' कित्येक महिने सारे सुरळीत चालले. एके सायंकाळी आम्ही सवयीने २ हा आकडा दाबला, आणि आमच्या वडिलांची जुनी छायाचित्रे जिच्यावर होती ती डिस्क कोरी झाली. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली होती. चूक आमच्या प्रश्नातच होती.

ती कशी, ते पाहा. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्कच्या अंगावर कोरलेली नसतात. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्का सापडतील त्या क्रमाने ती वाटली जातात. आज जी एसडीबी, ती उद्या एसडीसी होऊ शकते. पंगतीत जो ज्या पाटावर बसला, त्या पाटाचा आकडा म्हणजे त्याचे नाव नव्हे. आम्ही मात्र पाटाच्या आकड्यावर विसंबून माणूस ओळखू पाहत होतो!

उपाय फार साधा आहे. लिनक्समध्ये 'एलएसबीएलके' नावाची एक आज्ञा आहे. तिला नीट विचारले तर ती प्रत्येक डिस्कचे नाव, आकारमान, बनावटीचे नाव आणि अनुक्रमांक एका ओळीत सांगते. तीच ओळ यादीत दाखवावी. आकारमान वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की, खोक्यावर १ टेराबाइट लिहिलेली डिस्क येथे सुमारे ९३१ अशी दिसते. कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि ही आज्ञा १०२४ च्या पटीत.

येथे नवशिक्या हमखास अडखळतो. बनावटीच्या नावात मोकळ्या जागा असतात आणि शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडतो. त्यामुळे तीन डिस्कांची यादी कितीतरी तुकड्यांची होते. म्हणून शब्दाशब्दाने न वाचता ओळीओळीने वाचावे. बॅशमधील 'मॅपफाइल' ही आज्ञा प्रत्येक ओळ अखंड ठेवते. त्या ओळी 'सिलेक्ट' या आज्ञेच्या हाती दिल्या, की ती आकडे घालून यादी मांडते. निवडलेल्या ओळीतील पहिला शब्द तेवढा डिस्कचे नाव म्हणून घ्यावा.

आणखी एक सावधगिरी. यादीत नसलेला आकडा कोणी दाबला, तर 'सिलेक्ट' तक्रार करीत नाही. निवडीची जागा रिकामी ठेवून मुकाट्याने पुढे जाते. ती रिकामी आहे काय, हे आपणच तपासले पाहिजे. ज्या डिस्कवरून संगणक स्वतः चालला आहे, ती यादीत येऊच देऊ नये. आणि शेवटी नुसते 'होय' न विचारता अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे टंकित करावयास सांगावी. 'होय' बोटे सवयीने लिहितात. अनुक्रमांक लिहावयाचा तर डोळ्यांना वाचावेच लागते.

एवढे सगळे दहापंधरा ओळींचे काम. ते आम्ही अगोदर केले नाही, कारण डिस्का आमच्याच आणि टिपणही आमचेच. आम्ही का चुकू, असे आम्हांस वाटले. परंतु प्रश्न लिहिणारा मनुष्य सकाळी ताजातवाना असतो आणि उत्तर देणारा रात्री थकलेला असतो, मग ते दोघे एकच का असेनात. थकलेल्या माणसालाही ओळख पटेल असा प्रश्न लिहिणे, हे लिहिणाराचे कर्तव्य आहे.

वडिलांची छायाचित्रे परत आली नाहीत. आमचे टिपण मात्र आता नाव, आकारमान, बनावट आणि अनुक्रमांक सांगितल्यावाचून कोणत्याही डिस्कला हात लावीत नाही.