कूलरचा गोळा आणि म्हातारपणची भूक

(आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून झालेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ज्येष्ठांमधला लठ्ठपणा. तळलेलं खाऊ नका, फिरायला जा, गोड आवरा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, कारण तुम्ही ते रोज दुसऱ्यांना ऐकवता. तेव्हा ते गाळतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे, कारण मधेच कुणीतरी कुकर बंद करायला उठणार. साठी उलटली की भूक खरं बोलत नाही.

कामठीत माझा दवाखाना आहे. जुनी कामठी, गोरा बाजार, येरखेडा, रनाळा, सगळीकडून माणसं येतात. आठवड्यातून एक तरी आजी स्टुलावर टेकता टेकता म्हणते, “म्या तं काईच खात नाई जी, मंग वजन काऊन वाढते?” मागे उभी असलेली सून छताच्या पंख्याकडे पाहत राहते. आता माझं मत ऐका. आजी खोटं बोलत नाही. तिला भूक खरंच लागत नाही. आणि सुनेचं पाहणंही खोटं नाही.

कूलर सगळ्यांकडे आहे ना? विदर्भात हा प्रश्न विचारायचा नसतो. त्या कूलरच्या टाकीत एक प्लास्टिकचा गोळा असतो. पाणी उतरलं की गोळा खाली जातो, नळ उघडतो. टाकी भरली की गोळा वर येतो, नळ बंद. कुणी लक्ष द्यायला नको. जवानीतली भूक म्हणजे हा गोळा. लग्नात चार दिवस दाबून जेवलात, की पाचव्या दिवशी आपोआप दोन घास कमी जातात. तापात आठ दिवस पोटात काही गेलं नाही, की बरं झाल्यावर माणूस डब्यात काय आहे ते शोधत फिरतो. आता दहा उन्हाळे झाले, आपल्याकडच्या पाण्यातल्या क्षाराचा पांढरा थर त्या दांड्यावर बसला. गोळा अडकला. टाकी वाहून चालली तरी नळ बंद होत नाही, कोरडी पडली तरी उघडत नाही.

ही माझी कल्पना नाही बरं. 1994 साली अमेरिकेत बोस्टनला सुझन रॉबर्ट्स यांच्या चमूने विशीतले तरुण आणि सत्तरीच्या घरातले पुरुष घेतले. काहींना तीन आठवडे गरजेपेक्षा कमी खायला दिलं, काहींना जास्त, आणि मग सांगितलं, आता हवं तेवढं जेवा. तरुणांनी आपोआप भरपाई केली आणि ते मूळ वजनाकडे सरकले. म्हाताऱ्यांनी केली नाही. उपाशी ठेवलेले कमीच राहिले, जास्त खाल्लेले जास्तच राहिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन म्हणजे अंगातल्या चरबीने मेंदूला पाठवलेला निरोप, ‘साठा पुरेसा आहे, थांब.’ चरबी फार झाली की निरोपांचा एवढा भडिमार होतो की मेंदू तिकडे कानाडोळा करू लागतो. शिवाय उतारवयात जठर पूर्वीसारखं सैल होत नाही, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, आणि ‘पोट भरलं’ सांगणारी आतड्यातली द्रव्यं जास्त वेळ रेंगाळतात. अर्ध्या पोळीत पोट भरतं. वास कमी येतो, म्हणून वांग्याच्या भरताला चव लागत नाही. गोडाची चव मात्र बरीच टिकते. म्हणजे जेवण नको, पण चहा-टोस्ट चालतो. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, ही 40 ग्रॅम साखर झाली, म्हणजे 160 कॅलरी. आजीच्या हिशेबात ते खाणं नसतंच. “चाहाच तं घेतला.”

आता त्या गोळ्याकडे परत येतो, कारण मुद्दा तिथेच आहे. लग्नसराईत वाढलं ते उतरत नाही आणि आजारपणात गेलं ते परत येत नाही. पण आलेलं आणि गेलेलं एकच नसतं! आलेली असते चरबी. खाटेवर पंधरा दिवस काढले की जातं ते बरंचसं मांस, मांड्यांचं आणि पोटऱ्यांचं. असं पाचसहा वेळा झालं की काट्यावर तेच 62 किलो दिसतात आणि आजोबा खूश. टाकी भरलेली दिसते, आत पाण्याऐवजी गाळ साचला आहे.

याचं आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण जगभर गाजलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात तो, अगदी एक, 22.3. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे दोघंही ठणठणीत. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! आपली हाडं-मांस अशी, की चरबी काट्याला फसवून पोटात बसते. म्हणून कमरेचा घेर मोजा. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80, त्यापुढे सावध. शिंप्याची टेप घ्या, आणि श्वास आत ओढून मोजू नका, मला कळतं.

माझ्याकडे एक जोडपं येतं. त्यातले आजोबा हातमागावर होते. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबायच्या. माग बंद होऊन वीस वर्षं झाली, पोळ्या मात्र मागावर असताना खायचे तेवढ्याच. त्यांचा गोळा भरल्यावर उठत नाही. त्यांची बायको अर्धी भाकर घेते, वर वरणाचं पाणी. तिचा गोळा कोरड्या टाकीतही खाली येत नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर. मी दोघांना एकच सांगितलं, भुकेला विचारू नका. कूलरचा गोळा बिघडला की आपण काय करतो? रोज झाकण उघडून टाकीत डोकावतो आणि वेळेवर हाताने पाइप लावतो. तसंच. घड्याळ लावा आणि ताट मोजून घ्या. साठी उलटली की भूक खरं बोलत नाही, हे आता दुसऱ्यांदा झालं.

आणि एक रागाची गोष्ट. वजन उतरवायला म्हणून आजोबांचं रात्रीचं जेवण बंद करणारे चिरंजीव असतात. “बाबा, तुम्हाला तशीही भूक नसते.” अरे बाबांनो, उपाशी माणसाची नुसती चरबीच झडत नाही, मांसही झडतं, आणि सत्तरीत झडलेलं मांस परत चढवताना फार नाकीनऊ येतात. दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं तरी हवीत; म्हातारपणी त्याहून थोडी जास्त. साठ किलोला साठसत्तर ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी सहासात ग्रॅम देते, अंडं सहा, दुधाचा पेला सातेक. टोस्ट म्हणजे जवळजवळ काहीच नाही. झुणका करा, पाटवडी करा, तेल बेताने घाला. आधी ते खा, मग भात. ज्यांची किडनी दुखावली आहे त्यांनी मात्र माझं ऐकू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

तहानेचंही असंच होतं बरं का, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते... राहू द्या, काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत.

आत्ता खुर्चीत बसला असाल तर एक करा. शेजारी कुणाला तरी उभं करा. दोन्ही हात छातीशी घ्या, आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर वजनाच्या काट्याआधी पायांची काळजी करा. गुडघे दुखत असतील तर दुसरी युक्ती आहे. दोन्ही हातांच्या अंगठ्यांचं आणि तर्जनींचं कडं करून पोटरीच्या सर्वांत जाड भागावर घाला. कडं ऐसपैस बसलं, बोटं आणि पोटरीमध्ये फट राहिली, तर मांस आटलं समजा.

हल्ली आठवड्याला एक टोचून घ्यायच्या त्या वजनाच्या इंजेक्शनांबद्दल चार जणांनी विचारलं होतं. ती आतड्यातल्या एका संदेशाची नक्कल करतात आणि भूक मिटवतात. आता ज्याची भूक आधीच अर्धी मिटली आहे, त्या माणसाला ती देताना मांस किती गळेल, याचा विचार... नाही, संपली वेळ. साखर मोजायला मात्र आजच्या चहापासून सुरुवात करा.