आमचे काका
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या दिवंगत काकांविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. स्वातंत्र्यसैनिक या नात्याने त्यांचे स्मरण व्हावे हा त्यामागील हेतू उचितच आहे. १९४२ च्या चळवळीत काकांनी चार महिने कारावास भोगला. परंतु ते स्वतः तुरुंगाची हकीकत क्वचितच सांगत. कोणी आग्रह केला, की ते १९३६ सालच्या फैजपूर काँग्रेसकडे वळत.

राष्ट्रीय सभेचे अधिवेशन खेड्यात भरण्याची ती पहिलीच वेळ. अध्यक्षपदी पंडित जवाहरलाल नेहरू होते. महात्माजी आले होते. नंदलाल बोस यांनी बांबूंसारख्या साध्या साहित्यातून टिळकनगर सजविले होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या खानदेशातील कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. हे सारे आपणा सर्वांस ठाऊक आहे, व त्याचा अभिमान आपण योग्य रीतीने बाळगतो.

पण एवढा जनसमुदाय जमल्यावर त्याची घाण कोणी काढावयाची? महात्माजींची शिकवण अशी, की हे काम स्वयंसेवकांनीच करावे. साने गुरुजींनी त्या वेळी स्वतः मैला वाहिला. काका तेव्हा सोळा वर्षांचे होते. गुरुजींच्या हाती टोपली पाहून त्यांनीही टोपली उचलली.

गावात ही वार्ता त्यांच्याआधी पोहोचली. चांगल्या कुणब्याच्या पोराने असले काम केले, म्हणून घरात कल्लोळ उडाला. आठ दिवस त्यांचे पान ओसरीवर वाढले गेले. काका मुकाट्याने जेवत. नवव्या दिवशी त्यांनी आजोबांना एवढेच विचारले, “दादा, शेणखतात आपण कोपरापर्यंत हात घालतो. मैल्याच्या खताला तर आपण सोनखत म्हणतो. मग ते उचलणारा माणूसच तेवढा विटाळाचा कसा?” आजोबांनी उत्तर दिले नाही, पण त्या रात्री पान आत मांडले गेले.

बंधूंनो, काकांचे पुढील सारे आयुष्य या एका प्रश्नातून उगवले आहे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा काकांनी गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केले. त्यास सामान्यतः सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. काकांचे महिने भरत नव्हते. त्याचे त्यांना वैषम्य वाटले नाही. टोपलीचा दाखला कोणते सरकार देणार, असे म्हणून ते हसत.

आपल्या ज्ञातीच्या लग्नकार्यातही त्यांचा एक हट्ट असे. मांडव झाडणाऱ्यांना पंगतीत बसविल्यावाचून ते पानावर बसत नसत. यामुळे अनेक यजमान दुखावले. काही घरांनी त्यांना आमंत्रण देणेही सोडले. माणूस देव आहे, पण कार्यात नको, असे त्यांच्याविषयी बोलले जाई. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मृत्यूनंतर आपण माणसाला सोयीपुरताच थोर करतो.

डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला. २०१३ साली अधिक व्यापक कायदा करावा लागला. तरीही गटारात उतरून माणसे मरतात, आणि ती बहुधा त्याच जातींची असतात. ज्ञातिसंस्थेने आपल्या मुलांस शिकवावे, वधुवरांस साह्य करावे, हे योग्यच. पण आपल्या ज्ञातीचा अभिमान दुसऱ्याच्या अपमानावर उभा आहे काय, हेही तिने तपासावे. काकांच्या नावे सभागृहात तसबीर लावण्याची सूचना आली आहे. कुटुंबीयांच्या वतीने माझी नम्र विनंती, की तसबीर राहू द्यावी. पुढील संमेलनापासून हा मंडप झाडणाऱ्या बंधुभगिनींची पाने पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी मांडावीत. काकांना तेवढे स्मारक पुरेल.