स्टेअरिंग वळते, जीप वळत नाही
(कसबा बावडा येथील बैठकीत केलेले भाषण)



तुम्ही कोरडवाहू भागातून रात्रभर प्रवास करून बावड्याला आलात. बाहेर पटांगणात तुमच्या जीपा आणि टेंपो उभे आहेत. यातली कोणती गाडी कधी ठोकली आणि दुरुस्त करून घेतली, असे विचारले तर निम्मे हात वर होतील. म्हणून कापसाच्या हिशेबाकडे वळण्याआधी दहा मिनिटे गाडीवर बोलतो. परत जायचे आहे ते याच गाड्यांतून.

गेल्या हंगामात आमची जीप दगडी कठड्यावर समोरून आदळली. माणसे वाचली. गॅरेजवाल्याने मडगार्ड सरळ केले, पुढचा भाग ठोकून जागेवर आणला, नवा रंग दिला. जीप नवरीसारखी दिसत होती. पण स्टेअरिंग ढिले लागायचे. परत नेली तर त्याने स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला आणि म्हणाला, "झाले काम." आम्ही मान डोलावली. तीन आठवडे तशीच चालवली.

मग एके दिवशी शियेकडून बावड्याला येत होतो. कारखान्याचा हंगाम होता. समोरून दोन ट्रॉल्या ओढत उसाचा ट्रॅक्टर आला. आम्ही स्टेअरिंग डावीकडे घेतले. स्टेअरिंग वळले, जीप वळली नाही. अर्धी वीत आणखी फिरवल्यावर ती एकदम कडेला गेली. ट्रॉलीतला ऊस जीपला घासून गेला. आत आम्ही पाच जण होतो.

स्टेअरिंग म्हणजे गाडीचा कासरा. कासरा ओढला आणि बैल वळला नाही, तर दोष हातातल्या टोकाला असतो का? गाठ कुठे सुटली ते पुढे जाऊन पाहावे लागते. कपाशीवर लाल्या आला की दुकानदार बाटली काढून देतो. पान लाल दिसते, पण कारण मॅग्नेशियमची कमतरता असेल, नत्राची असेल, तुडतुडे असतील, नाहीतर पाण्याचा ताण असेल. शेतकीची पदवी घेऊन आम्ही गावोगाव हेच सांगत फिरलो, की आधी कारण शोधा, मग औषध आणा. आणि स्वतःच्या जीपच्या बाबतीत मात्र बाटली विकत घेऊन घरी आलो!

बावड्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोष दहा मिनिटांत काढला. हत्यार काय? दोन माणसे. त्यांची रीत तुम्हीही शिकून घ्या.

गाडी सपाट जागी, चाके सरळ, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टेअरिंग असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू ठेवा. स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला खडूची खूण करा. एकाने ते हळूहळू फिरवावे, दुसऱ्याने पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक हलायच्या आत खूण किती सरकली, तो तुमचा प्ले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो, की हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ३० अंश म्हणजे घड्याळातले बारा ते एक. हातभर मोठ्या स्टेअरिंगवर सुमारे अर्धी वीत. ही शेवटची हद्द आहे, चांगल्या गाडीची खूण नव्हे.

आता दोष कुठे? एकाने स्टेअरिंग थोडे डावे-उजवे हलवत राहावे. दुसऱ्याने समोरून वाकून एकेक सांधा पाहावा : बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडची दोन्ही टोके. ज्या सांध्याची अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची हलत नाही, तिथे चोर आहे. मग पुढचा भाग जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग ढिले, चालूच राहिली तर किंगपिन झिजली.

आमच्या जीपचा बॉक्सच चेसिसवर हलत होता. पुढचा भाग ठोकताना त्याचे बोल्ट सैल केले होते, ते नीट आवळलेच नाहीत. टाय रॉडच्या एका नटाला स्प्लिट पिनही नव्हती. नियम ९८ म्हणतो, असे बोल्ट आणि पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या हव्यात. वरून मात्र रंग नवा! बॉक्सचा स्क्रू आवळल्याने दोष गेला नाही, उलट वळणावर स्टेअरिंग जड झाले होते.

आणखी एक. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करू देऊ नका. तापवल्याने पोलादाची ताकद बिघडते. तो बदलायचाच.

कायदाही समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणली, तर चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही गुन्हेगार. गॅरेजवाल्याकडे बोट दाखवून सुटका नाही. त्याने काम वाईट केले असेल तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. पण हातात पक्के बिल हवे. म्हणून गाडी ताब्यात घेताना काय काय उघडले ते लिहून घ्या, जुने भाग परत मागा, आणि मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा.

कापसाच्या वजनाचा आणि पट्टीचा हिशेब मागा, असे आम्ही तुम्हाला सांगत आलो. गॅरेजात आम्हीच तो मागितला नाही, भीड पडली. ती भीड पाच जिवांवर आली होती.

आता जेवणाची सुट्टी होईल. पंगतीला बसण्याआधी दोघादोघांनी मिळून बाहेरची प्रत्येक गाडी पाहायची. जिचा प्ले बारा ते एकच्या पुढे जाईल, ती आज इथेच मिस्त्रींकडे राहील, आणि तिच्यातली माणसे एसटीने जातील. पहिली पाळी आमच्या जीपची.